तुरुंगातील महाविद्यालय आणि बदलीचा आदेश

जिल्हाधिकाऱ्याच्या कामांची यादी मोठी असते आणि त्या यादीत कारागृहाची भेट बहुधा तळाशी असते. जिल्हाधिकारी हा कारागृहाचा पदसिद्ध अभ्यागत. अधूनमधून जायचे, बराकी व स्वयंपाकघर पाहायचे, बंद्यांच्या तक्रारी ऐकायच्या, अभ्यागतांच्या नोंदवहीत शेरा लिहायचा आणि परतायचे, अशी पद्धत. माझी सेवा बहुतेक महाराष्ट्राबाहेर झाली. तेथल्या एका जिल्ह्यात अशाच एका भेटीत एक तरुण शिक्षाबंदी रांगेतून पुढे आला. तो मुक्त विद्यापीठातून बी.ए. करीत होता. दुसऱ्या वर्षाची परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. परीक्षाकेंद्र त्याच कारागृहात होते, आणि नेमका आदल्या दिवशी त्याच्या बदलीचा आदेश आला होता. कारागृहात गर्दी झाल्यामुळे पंचवीसेक बंदी दुसरीकडे हलवायचे होते; त्यात त्याचे नाव. नव्या ठिकाणी परीक्षाकेंद्र नव्हते. तो एवढेच म्हणाला, "साहब, बस परीक्षा तक रुकवा दीजिए."

मी अधीक्षकांकडे पाहिले. ते म्हणाले, आदेश मुख्यालयाचा आहे. मी नोंदवहीत शेरा लिहिला, "परीक्षा होईपर्यंत सदर बंद्याची बदली स्थगित ठेवण्याचा विचार व्हावा," आणि पुढच्या बैठकीला गेलो. तीन आठवड्यांनी अनुपालन अहवाल आला. शेरा मुख्यालयात पोहोचण्यापूर्वीच बदलीची अंमलबजावणी झाली होती. सबब विषय निकाली काढण्यात आला होता. कोणीही कोणताही नियम मोडला नव्हता. त्या दिवशी मी मुख्यालयाला एक दूरध्वनी केला असता तर काम झाले असते, हे मला अहवाल वाचताना कळले. मी अहवालावर सही केली.

पुढे काही वर्षांनी कारागृहांतील शिक्षणावर एक टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने अमेरिकेचा या बाबतीतला इतिहास मी वाचला आणि निवृत्तीनंतरही वाचत राहिलो. त्या देशाने तुरुंगांत महाविद्यालयीन शिक्षण उभे केले, नंतर जवळजवळ पूर्ण मोडले, आणि सुमारे तीस वर्षांनी पुन्हा उभे करायला घेतले. मधल्या काळात ते शिक्षण मूठभर स्वयंसेवी संस्थांनी जिवंत ठेवले. हा इतिहास आपल्याकडच्या प्रशासकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून तो येथे थोडा सविस्तर मांडतो.

सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅटिका कारागृहात बंद्यांचा उठाव झाला. तो बळाने मोडून काढण्यात आला आणि एकूण ४३ माणसे मृत्युमुखी पडली. बंद्यांच्या मागण्यांमध्ये अन्न, वैद्यकीय उपचार यांबरोबर चांगल्या शिक्षणाचीही मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेच्या संघराज्य शासनाने गरीब विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाचे अनुदान सुरू केले. सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावावरून १९८० पासून ते 'पेल अनुदान' म्हणून ओळखले जाते. अनुदान मिळणे हे उत्पन्नावर ठरत असे आणि बंद्यांना त्यातून वगळलेले नव्हते. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्न जवळजवळ नसतेच; त्यामुळे तो आपोआप पात्र ठरे. महाविद्यालयांना शुल्क मिळण्याची खात्री झाली आणि ती तुरुंगांत वर्ग घेऊ लागली. दोन दशकांत असे सुमारे ३५० कार्यक्रम देशभर उभे राहिले. यासाठी वेगळी योजना कोणी आखली नव्हती. एका सर्वसाधारण योजनेच्या निकषात बंदी बसत होते, एवढेच.

परंतु जे हक्क म्हणून स्पष्टपणे लिहिलेले नसते ते काढून घेणेही सोपे असते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत गुन्हेगारीविषयी कठोर असणे हा निवडणुकीचा मुद्दा झाला. १९९२ मध्ये मृत्युदंडाच्या आणि सुटकेची शक्यता नसलेल्या जन्मठेपेच्या बंद्यांना अनुदानातून वगळले गेले. सप्टेंबर १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने जो मोठा गुन्हेविषयक कायदा झाला, त्याने संघराज्य व राज्यांच्या कारागृहांतील सर्वच बंद्यांचे अनुदान बंद केले. युक्तिवाद साधा आणि मनाला भिडणारा होता: प्रामाणिक कष्टकरी कुटुंबातील मुलाला अनुदान मिळत नाही, आणि गुन्हेगाराला फुकट पदवी मिळते, हे कसे?

येथे एक बाब प्रशासकांनी लक्षात घ्यावी. त्या काळी सुमारे ४० लाख विद्यार्थ्यांना पेल अनुदान मिळत होते आणि त्यांत बंदी होते सुमारे २३ हजार. एकूण खर्चात त्यांचा वाटा एक टक्क्यापेक्षाही कमी होता. संसदेच्याच लेखापरीक्षण यंत्रणेने १९९४ मध्ये स्पष्ट केले होते की बंद्यांना वगळल्यामुळे बाहेरच्या एकाही अपात्र विद्यार्थ्याला अनुदान मिळणार नाही; कारण अनुदान प्रत्येकाच्या गरजेच्या सूत्राने ठरते, बंद्याला दिले म्हणून दुसऱ्याचे कापले जात नाही. म्हणजे ज्या अन्यायाच्या नावाने हा निर्णय झाला तो अन्याय कागदावर अस्तित्वातच नव्हता. आकडे उपलब्ध होते, अहवाल उपलब्ध होता. तरीही निर्णय झाला. आपण सारे टिपणीत आकडे देतो आणि समजतो की काम झाले. आकड्यांना सभागृहात कोणी वाली नसेल तर ते फाइलीतच राहतात.

परिणाम झपाट्याने दिसला. शुल्काची खात्री संपताच महाविद्यालयांनी वर्ग बंद केले. काही वर्षांतच साडेतीनशेपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कार्यक्रम शिल्लक उरले. न्यूयॉर्क राज्याने १९९५ मध्ये आपले स्वतःचे शिक्षणसाहाय्यही बंद्यांसाठी बंद केले. कित्येकांची पदवी एकदोन सत्रांवर येऊन अडकली. इमारत तीच, बंदी तेच, शिकवायला तयार असलेले प्राध्यापकही तेच; मधला पैशाचा दुवा तुटला होता.

तो दुवा जोडायला कोण पुढे आले हे पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमधील बेडफर्ड हिल्स या स्त्रियांच्या कारागृहात वर्ग बंद पडल्यावर तेथील बंदी स्त्रियांनी स्वतःच मागणी लावून धरली. तेव्हाच्या अधीक्षक एलेन लॉर्ड यांनी ती मागणी दडपली नाही. बाहेरचे नागरिक, प्राध्यापक व खासगी महाविद्यालये एकत्र आली आणि १९९७ मध्ये मेरीमाउंट मॅनहॅटन महाविद्यालयाच्या पुढाकाराने शिक्षण पुन्हा सुरू झाले. या उपक्रमाचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अभ्यासकांच्या गटात बंदी स्त्रियांचाही समावेश होता. सुटकेनंतर तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात आलेल्यांचे प्रमाण महाविद्यालयात शिकलेल्या स्त्रियांत ७.७ टक्के आणि न शिकलेल्यांत २९.९ टक्के आढळले.

हडसन नदीकाठी सिंग सिंग नावाचे जुने, कडक म्हणून प्रसिद्ध असलेले कारागृह आहे. तेथे १९९८ मध्ये काही बंद्यांनी बाहेरच्या धार्मिक व शैक्षणिक क्षेत्रांतील स्वयंसेवकांच्या मदतीने 'हडसन लिंक' ही संस्था सुरू केली. या संस्थेची धुरा पुढे २००७ पासून दीर्घकाळ शॉन पिका यांनी सांभाळली. ते सोळाव्या वर्षी तुरुंगात गेले होते आणि सुमारे सोळा वर्षे आत होते. पदवीही त्यांनी आतच घेतली. ज्या माणसाने वर्गाच्या बाकावर बसून या शिक्षणाचा उपयोग अनुभवला, त्यानेच पुढे त्याच वर्गासाठी देणग्या गोळा केल्या.

बार्ड महाविद्यालयाची हकिगत निराळी. मॅक्स केनर हे तेथे पदवीचे विद्यार्थी असताना १९९९ मध्ये त्यांनी तुरुंगात शिकवण्याची कल्पना मांडली आणि २००१ मध्ये ती प्रत्यक्षात आली. बार्डने तुरुंगासाठी वेगळा, हलका अभ्यासक्रम केला नाही. प्रवेशपरीक्षा, निबंध, प्रबंध, पदवी, सारे बाहेरच्यासारखेच ठेवले. सप्टेंबर २०१५ मध्ये ईस्टर्न न्यूयॉर्क कारागृहातील या विद्यार्थ्यांच्या वादविवाद संघाने हार्वर्डच्या पदवी विद्यार्थ्यांच्या संघाला हरवले. इंटरनेट नाही, आणि पुस्तक हवे तर कारागृहाच्या मंजुरीची वाट पाहायची, अशा स्थितीत त्यांनी तयारी केली होती.

पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन कारागृहात १९९६ पासून स्वयंसेवक प्राध्यापक जवळजवळ विनानिधी वर्ग चालवीत होते. २००० च्या सुमारास जोडी ल्यूएन यांनी त्याची जबाबदारी घेतली, पुढे त्यासाठी स्वतंत्र संस्था काढली आणि दोन दशके ती वाढवली. वर्ग चालत, पण पदवी दुसऱ्या महाविद्यालयाच्या नावाने मिळे. जानेवारी २०२२ मध्ये या उपक्रमाला 'माउंट टॅमलपाइस कॉलेज' या नावाने स्वतंत्र महाविद्यालय म्हणून मान्यता मिळाली. तुरुंगाच्या भिंतींच्या आत असलेले, कोणाची शाखा नसलेले महाविद्यालय! छब्बीस वर्षे लागली.

अशा संस्थेचा प्रमुख नेमके काय करतो? आपल्याला वाटते की तो भाषणे करीत असेल आणि पदवीदानाला उभा राहत असेल. वस्तुतः त्याचा दिवस आपल्या तहसीलदाराच्या दिवसासारखा असतो. उद्याच्या प्राध्यापकाचे नाव प्रवेशद्वारावरील यादीत आहे की नाही. गेल्या आठवड्यात अडवलेला पुस्तकांचा खोका सुटला की नाही. बराकीत झडती चालू आहे म्हणून वर्ग बुडणार का. कोणा विद्यार्थ्याचे नाव बदलीच्या यादीत आले आहे का. त्याला एकाच वेळी चौघांचा विश्वास सांभाळावा लागतो. कारागृहाला सुरक्षितता हवी असते, महाविद्यालयाला दर्जा, देणगीदाराला निकाल, आणि विद्यार्थ्याला एवढीच खात्री की हे लोक पुढच्या सत्रातही येतील. या चौघांपैकी एकाशीही बिनसले तर वर्ग बंद पडतो. शिवाय ज्या पहारेकऱ्याच्या स्वतःच्या मुलाला महाविद्यालयाचे शुल्क परवडत नाही, त्याच्या समोरून पुस्तके घेऊन रोज आत जायचे असते. त्याचा राग खोटा नसतो. आपल्या यंत्रणेतील वरिष्ठांनी त्या रागाकडे दुर्लक्ष केले तर योजना दारावरच अडते, हे मी अन्य खात्यांतही पाहिले आहे.

हाच राग राजकारणातही उमटला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कचे तत्कालीन राज्यपाल अँड्र्यू क्युओमो यांनी राज्याच्या पैशातून तुरुंगांत महाविद्यालयीन वर्ग सुरू करण्याचा प्रस्ताव मांडला. विरोध इतका झाला की काही आठवड्यांतच तो मागे घ्यावा लागला. वस्तुतः आदल्याच वर्षी रँड या संशोधन संस्थेचा मोठा अभ्यास आला होता. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची संभाव्यता न शिकलेल्यांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी असल्याचे, आणि शिक्षणावरील एका डॉलरमागे पुन्हा तुरुंगवासाचे चार ते पाच डॉलर वाचत असल्याचे त्यात म्हटले होते. अशा आकड्यांबाबत सावधगिरी हवी हे मान्य आहे. जो शिकायला पुढे येतो तो मुळातच बदलायला तयार असतो, ही शंका पूर्णपणे फिटत नाही. पण एवढे निश्चित की शिक्षणाने तोटा झाल्याचे कोणीही दाखवू शकले नाही.

शेवटी चाक उलटे फिरले. २०१५ मध्ये ओबामा प्रशासनाने प्रायोगिक तत्त्वावर काही बंद्यांना पेल अनुदान देण्याचे जाहीर केले आणि २०१६ मध्ये त्यासाठी ६७ महाविद्यालये निवडली. हा प्रयोग पुढच्या, विरुद्ध पक्षाच्या प्रशासनानेही चालू ठेवला व वाढवला. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने १९९४ ची बंदी उठवणारा कायदा केला आणि १ जुलै २०२३ पासून बंद्यांना अनुदान पुन्हा मिळू लागले. न्यूयॉर्कनेही २०२२ मध्ये आपली बंदी उठवली. नव्या कायद्यात जुन्या चुकांपासून घेतलेले धडे दिसतात. नफा कमावणाऱ्या शिक्षणसंस्थांना तुरुंगात प्रवेश नाही. तेथे मिळवलेले श्रेयांक त्या राज्यातील निदान एका संस्थेने तरी मान्य केले पाहिजेत. आणि कार्यक्रम बंद्यांच्या हिताचा आहे की नाही हे कारागृह प्रशासनाने तपासून ठरवायचे आहे.

या सगळ्यात स्वयंसेवी संस्थांचे श्रेय कोणते? त्यांनी शिकवलेल्यांची संख्या देशातील एकूण बंद्यांच्या मानाने फार लहान होती. साडेतीनशे कार्यक्रमांची जागा त्या भरून काढू शकल्या नाहीत, आणि तसा दावाही करता येणार नाही. पण त्यांनी कामाची रीत जिवंत ठेवली. कारागृहात महाविद्यालय चालवता येते, सुरक्षिततेला धक्का लागत नाही, पदवीधर बाहेर येऊन नोकरी करतात, हे दाखवणारी चालती-बोलती उदाहरणे त्यांनी तीस वर्षे टिकवली. कायदा बदलण्याची वेळ आली तेव्हा साक्ष द्यायला माणसे होती. ज्या राज्यांत अशी संस्था नव्हती तेथे २०२३ मध्ये पैसा आला तरी शून्यापासून सुरुवात करावी लागली.

आता आपल्याकडे वळू. कारागृह हा आपल्या संविधानानुसार राज्यसूचीतील विषय, आणि त्याचा मूळ कायदा १८९४ चा. त्या कायद्याचा भर बंद्याला सुरक्षित ठेवण्यावर आहे. तरीही आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीच एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आणि त्या प्रकरणाचा मराठीशी संबंध आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी तेथे अणुविज्ञानावर एक मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी शासनाने नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ मध्ये न्यायालयाने शासनाचे अपील फेटाळले. स्थानबद्धतेच्या अटींनी जे काढून घेतलेले नाही ते शासनाला आपल्या मर्जीने काढून घेता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. अणूच्या अंतरंगाविषयीच्या पुस्तकापासून राज्याच्या सुरक्षिततेला कोणता धोका होता, हे त्या फाइलीवर शेरे लिहिणाऱ्यांनाही सांगता आले नसते.

आणखी एक योगायोग. ज्या १९९४ साली अमेरिकेने तुरुंगांतील महाविद्यालयांचा आधार काढून घेतला, त्याच साली दिल्लीच्या तिहार कारागृहात, किरण बेदी महानिरीक्षक असताना, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र सुरू झाले. पुढे अनेक राज्यांतील कारागृहांत अशी केंद्रे निघाली आणि या विद्यापीठाने बंद्यांचे शुल्क माफ केले. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही मदत झाली. म्हणजे पैशाचा जो प्रश्न अमेरिकेला तीस वर्षे छळत राहिला तो आपण फारसा गाजावाजा न करता सोडवला. याबद्दल समाधान वाटले पाहिजे.

मात्र आपल्याकडे पुस्तके येतात, शिक्षक क्वचितच येतो. दूरशिक्षणात विद्यार्थ्याने स्वतः वाचायचे असते. तुरुंगातल्या विद्यार्थ्याला शंका विचारायला बराकीतील एखादा सुशिक्षित बंदीच मिळाला तर मिळाला. दुसरी अडचण याहून मोठी. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते, म्हणजे ज्यांचा खटला अद्याप निकाली निघालेला नाही असे. त्यांचा मुक्काम किती दिवसांचा हे कोणालाच माहीत नसते. तीन वर्षांची पदवी त्यांच्या उपयोगाची नाही. आणि तिसरी अडचण म्हणजे बदली, जिच्याविषयी मी सुरुवातीलाच लिहिले.

माझ्या अल्प अनुभवावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. यांतील एकीलाही नवा कायदा लागत नाही. बदलीच्या प्रत्येक यादीसोबत अधीक्षकाने एक रकाना भरावा: सदर बंदी कोणत्या अभ्यासक्रमात आहे व परीक्षा केव्हा आहे. परीक्षेला ठरावीक दिवस उरले असतील तर सुरक्षिततेचे लेखी कारण असल्याशिवाय बदली होऊ नये, आणि झालीच तर परीक्षाकेंद्र बदलून घेण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या कारागृहाची असावी. न्यायाधीन बंद्यांसाठी दोन-तीन महिन्यांचे, तुकड्यांत पुरे होणारे व कोणत्याही कारागृहात पुढे चालू ठेवता येणारे अभ्यासक्रम असावेत. जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांनी आठवड्यातून एकदा आत यावे व ते त्यांच्या नियमित कामात धरले जावे. आणि एखादी स्वयंसेवी संस्था हे काम करू इच्छित असेल तर तिला अधीक्षकाच्या मर्जीवर न ठेवता राज्याच्या कारागृह विभागाने निदान पाच वर्षांचा लेखी करार द्यावा. आज चांगला अधीक्षक येतो, संस्थेला बोलावतो. तो बदलून गेला की नवा अधीक्षक पहिल्यापासून ओळखपत्रे मागतो. बंद्यांच्या बदल्यांइतक्याच आपल्या बदल्याही या वर्गांना बाधतात.

एक आक्षेप येथे घेतला जाईल. ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची काळजी कोण घेणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु पीडित कुटुंबाला द्यायचे ते स्वतंत्रपणे व पुरेसे द्यावे. बंद्याचे पुस्तक काढून घेतल्याने त्या कुटुंबाच्या हाती काही पडत नाही, हे अमेरिकेच्या लेखापरीक्षकांनी हिशेबाने दाखवून दिले होते.

त्या तरुणाचे पुढे काय झाले हे मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. पुढच्या वर्षी माझीही बदली झाली. शॉन पिका किंवा जोडी ल्यूएन यांच्याविषयी वाचताना मला वाटते की त्या अकरा दिवसांत अशा एखाद्या संस्थेचा माणूस माझ्या कार्यालयाच्या बाहेर येऊन बसला असता, तर मी शेरा लिहून थांबलो नसतो. त्याने मला दूरध्वनी करायला लावला असता. पण तो माणूस नव्हता म्हणून माझे काम संपत नव्हते. जे अधिकारी आज पदसिद्ध अभ्यागत आहेत त्यांना एवढीच विनंती की नोंदवहीत शेरा लिहून झाल्यावर, कारागृहाच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी, तेथूनच मुख्यालयाला दूरध्वनी करावा.